सामन्याच्या दिवशीचं मयत

देल्मिरो मयताला जात नसे. त्याच्या घरातून ओब्दुलिया जायची, त्याची बायको. सान मामेदच्या खोऱ्यात रीतच तशी आहे. घरटी एक माणूस मयताला गेलाच पाहिजे, मग गोठ्यात गाय अडलेली असो की शेतात बटाटे काढायचे राहिलेले असोत. ज्या घरातून कुणी येत नाही त्या घराची लोक पुढची वीस वर्षं आठवण ठेवतात, आणि ती काही प्रेमाने ठेवत नाहीत.

लग्न झाल्यावर देल्मिरो स्वित्झर्लंडला बांधकामावर गेला आणि केस पिकायला लागल्यावर परत आला. मधली सगळी वर्षं सासरची आणि माहेरची, दोन्हीकडची मयतं तिनेच सांभाळली. तो परत आल्यावरही ते काम तिच्याकडेच राहिलं. खरं सांगायचं तर त्याला ते सोयीचं होतं. भिंत कशी उभी करायची ते विचारा, तासभर सांगेल. पण एखाद्या विधवेसमोर उभा राहिला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. शिवाय माणूस ताठ. कुणाकडे काही मागायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

ओब्दुलिया अगदी उलट. चार गायी, चेस्टनटची एक राई आणि अख्ख्या खोऱ्याच्या चौकशा असा तिचा संसार. स्वयंपाकघराच्या दारामागे तिचा काळा कोट कायम टांगलेला असायचा. कुणी गेल्याचं कळलं की ती चुलीवरचं सूप बाजूला सरकवायची, हात पुसायची, कोट चढवायची आणि निघायची. कधी पावाच्या गाडीतून, कधी दुधाच्या टँकरमधून, काहीच नाही मिळालं तर पायी. ती काही संतबिंत नव्हती. परत आल्यावर कोटही न काढता टेबलाशी बसून ती सगळा वृत्तांत द्यायची. कोण आलं, कोण आलं नाही, कुठली सून खोटं रडली, कुणाच्या बुटांना शेण लागलेलं होतं. देल्मिरो 'हं, हं' करत सूप ओरपायचा.

ज्या म्हाताऱ्याने जन्मभर त्यांच्या कुरणाचा बांध कोरला, त्याच्याही मयताला ती गेली. तेव्हा मात्र देल्मिरो चिडला.

"भांडण होतं ते जिवंत माणसाशी," ती म्हणाली. "मेलेल्याशी कशाला भांडू? आणि मी गेले नाही तर माझ्या वेळी त्यांच्या घरचं कोण येईल?"

"तुझ्या वेळी म्हणे."

"बघशील तू. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा उरणार नाही. निम्मी माणसं बाहेर चिखलात उभी राहतील."

"मग मर की एकदा, बघू तरी," देल्मिरो म्हणाला, आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

आता त्या हसण्याची आठवण काढून देल्मिरो स्वतःला दूषणं देतो. पण नवराबायकोत असं बोललं जातंच, त्यात काय एवढं.

पूर्वी कुणी वारलं की मयतीचं काम बघणारा लेआन्द्रो काळ्या किनारीचे कागद छापायचा आणि पावाच्या दुकानावर, बसच्या थांब्यावर, बाल्बिनोच्या बारच्या दारावर चिकटवायचा. दुपारी रेडिओवरही नावं वाचली जात. मग ते रेडिओ केंद्र बंद पडलं आणि लेआन्द्रोने स्वतःची वेबसाइट काढली. मेलेल्याचा फोटो, चर्चमधली प्रार्थना म्हणजे मिस्सा किती वाजता, दफन कुठे, सगळं त्या पानावर. ज्या म्हाताऱ्यांना पूर्वी फोन उचलायची भीती वाटायची, त्यांनी या एका कामासाठी स्मार्टफोन शिकून घेतले. दुपारी जेवण झाल्यावर एकदा आणि रात्री जेवण झाल्यावर एकदा सगळं खोरं ते पान उघडून बघतं, जसं उद्याचं हवामान बघतात तसं. कागदाला आता कोण विचारतो, असं म्हणून लेआन्द्रोने कागद लावणं सोडून दिलं. कुणी तक्रार केली नाही.

चेस्टनट गोळा करायच्या दिवसांत ओब्दुलिया ओल्या पाचोळ्यावरून घसरली आणि तिच्या कमरेचं हाड मोडलं. तिला लुगो शहरातल्या इस्पितळात नेलं. हाड बसवलं, पण छातीत कफ धरला. मुलगी साबेला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलहून विमानाने आली. शनिवारी सकाळी, नर्स उशी सारखी करत असतानाच ओब्दुलिया गेली.

दुपारपर्यंत लेआन्द्रोने पानावर तिचा फोटो टाकला. दफन उद्या, रविवारी दुपारी, सान मामेदच्या चर्चमध्ये. साबेलाने आपल्या फोनवर उघडून बापाला दाखवलं. फोटो जुना होता, कुठल्यातरी लग्नातला, आणि ओब्दुलिया त्यात खूश दिसत होती. देल्मिरोने मान हलवली. दोघं गावाबाहेरच्या अंत्यदर्शनाच्या हॉलमध्ये जाऊन बसले. काचेपलीकडे शवपेटी होती, अलीकडे भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. साबेलाने कॉफीचे दोन मोठे थर्मास भरून आणले, कारण आता रीघ लागणार हे ठरलेलं होतं.

रीघ लागली नाही. देल्मिरोचा एक चुलतभाऊ गावातच राहायचा, तो आला. ओब्दुलिया जिच्याकडून लोकर घ्यायची ती दुकानदारीण आली. मग संध्याकाळ झाली तरी कुणी नाही. दार वाजलं की देल्मिरो उठून उभा राहायचा, आणि तो लेआन्द्रोचा नोकर असायचा.

"पप्पा, फोन करू का कुणाला?" साबेलाने विचारलं. "निदान ओढ्यापलीकडच्या शेनारोकाकांना?"

"लग्नाला बोलावतात. मयताला बोलावत नाहीत."

"पण त्यांना कळलं नसेल तर?"

"अख्ख्या जगाला दिसतंय, तुझ्या हातातल्या फोनवर दिसतंय. त्यांनाच तेवढं दिसत नाही?"

साबेलाने फोन खाली ठेवला. तीही त्याच खोऱ्यातली, तिला रीत माहीत होती. मयताचं आमंत्रण करणं म्हणजे आपल्या माणसासाठी दारोदार भीक मागणं. सूचना लावतात, ज्याला किंमत असते तो येतो. देल्मिरो खुर्चीत बसून राहिला आणि त्याच्या मनात हळूहळू विष भिनत गेलं. बाई जन्मभर यांच्या दारात धावली, आणि यांना एक संध्याकाळ काढता येत नाही. राग इतका चढला की रडायचंही राहून गेलं.

रविवारी चर्चमध्ये पुढचे दोनच बाक भरले. फादर अकरा गावं सांभाळतात. त्यांनी मागे नजर टाकली, थोडं थांबले आणि मिस्सा सुरू केली. आमच्याकडे कबरी म्हणजे दफनभूमीच्या भिंतीतले कोनाडे, आणि चर्चपासून तिथपर्यंत पेटी शेजारीपाजारी खांद्यावरून नेतात. नवऱ्याने मागून चालायचं असतं. ओढ्यापलीकडच्या शेनारोने तर ओब्दुलियाला बजावूनच ठेवलं होतं की पुढचा उजवा खांदा माझा, दुसऱ्या कुणाला दिलास तर बघ. त्या दिवशी पुढे ना शेनारो होता ना दुसरं कुणी. लेआन्द्रोच्या नोकरांनी पेटी चाकांच्या गाड्यावर ठेवली आणि ढकलत नेली. खडीच्या वाटेवर चाक रुतलं. देल्मिरोने मागून येऊन हात लावला, तेव्हा कुठे ते निघालं.

सोमवारी सकाळी शेनारो आला तो दारातूनच भांडत.

"चोरासारखी पुरलीस तिला. मला पाववाल्या बाईकडून कळतं? मला?"

"तोंड वर करून आलास हे काय कमी आहे," देल्मिरो म्हणाला. "दोन दिवस फोटो लावलेला होता तिचा. डोळे फुटले होते?"

"कसला फोटो?"

शेनारोने खिशातून फोन काढला आणि आत्ता दाखवतो तुला, अशा आवेशात पान उघडलं. पान उघडलं आणि त्यावर ओब्दुलिया होती. तो बाकावर बसला. शनिवारी रात्री आपण हे पान उघडलं होतं, हे तो पुन्हापुन्हा सांगू लागला. पांढरं दिसत होतं. रविवारी सकाळीही पांढरं. त्याला वाटलं फोन बिघडला, नाहीतर कुणी मेलंच नसेल. आधी जो भांडायला आला होता तो देल्मिरोच्या टेबलावर डोकं टेकून रडला.

भानगड शोधून काढली साबेलाने. शनिवार-रविवार फुटबॉलचे सामने असतात. ते पैसे भरून बघायचे. काही लोक ते चोरून इंटरनेटवर दाखवतात, तर फुटबॉलवाल्यांनी कोर्टाकडून हुकूम मिळवलाय. सामन्याच्या दिवशी ते इंटरनेटवरच्या पत्त्यांची यादी धाडतात आणि इंटरनेटच्या कंपन्या ते पत्ते बंद करतात.

"लेआन्द्रो कधीपासून फुटबॉल दाखवायला लागला?" देल्मिरोने विचारलं.

"तो नाही, पप्पा. समजा एक मोठी इमारत आहे. आत हजारो बिऱ्हाडं. त्यात एक चोर राहतो. यांनी चोराची खोली शोधलीच नाही, इमारतीच्या दरवाजालाच कुलूप घातलं. लेआन्द्रोचं पान त्याच इमारतीत होतं."

"आणि सामने संपल्यावर?"

"बाकीच्या कंपन्यांनी उघडलं. आपल्या खोऱ्यात जिची लाइन येते तिने सोमवारी उघडलं. राहून गेलं असणार. माझ्या फोनला स्विस कार्ड, लेआन्द्रोच्या कचेरीत दुसरी कंपनी. म्हणून आम्हाला दिसत होतं."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण ऐकायला बरी वाटते. पण इथे संन्यासी म्हणजे मेलेली बाई होती आणि तिला दुसऱ्यांदा मरता येत नव्हतं.

खोऱ्याने हे मानलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. शेनारो आपला सगळ्यांना सांगत सुटला, पण सांगायला जावं तर ते ऐकायलाच थट्टेसारखं. फुटबॉलने म्हणे मयत झाकलं. सारवासारव करायची तर जरा बरी तरी करावी, असं बायका म्हणाल्या. स्वित्झर्लंडचा पैसा आहे, पण मयताला आलेल्यांना ग्लासभर वाइन द्यायला जड गेलं म्हणून गुपचूप उरकलं, असंही कुणीतरी म्हणालं. आणि खरा घाव निराळाच होता. ज्यांच्या दारी ओब्दुलिया प्रत्येक वेळी गेली, त्यांच्यावर तिचं येणं कायमचं चढलेलं राहिलं. फेडायची संधीच देल्मिरोने काढून घेतली, अशी त्यांची समजूत झाली. ती सलणारी गोष्ट होती आणि लोक देल्मिरोला बघून वाट बदलू लागले.

म्हणून त्याला एकच वाक्य हवं होतं. ज्याने कुणी ते कुलूप घातलं, त्याने लिहून द्यावं की ते आम्ही घातलं, चूक झाली. पैसे नकोत. तो कागद तो बसच्या थांब्यावर, जिथे पूर्वी काळ्या किनारीचे कागद लागायचे तिथे लावणार होता. लोकांनी वाचावं की तिच्या मयताला न येणं हा त्यांचा गुन्हा नाही आणि त्याचाही नाही.

साबेला बाझेलहून पत्रं लिहू लागली. इंटरनेट कंपनीने कळवलं की आम्ही फक्त हुकूम पाळतो, यादी आमची नाही. फुटबॉलवाल्यांनी कळवलं की आमची यादी कोर्टाच्या परवानगीने जाते, कोण कुठे राहतं हे त्या वेबसाइटच्या मालकाने बघावं आणि चांगला शेजार निवडावा. कोर्टातून कळलं की हुकूम कायदेशीर आहे, कुणाचं नुकसान झालं असेल तर त्याने यावं. ग्राहकांच्या कचेरीने अर्जावर शिक्का मारला आणि अर्ज पोचल्याचं कळवलं. त्यानंतर तिकडून काहीच आलं नाही. सगळ्यांची भाषा सभ्य होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची भाषा सभ्यच असते, त्यांना शेळीच्या पायाखालचं काही दिसत नाही. वाचून दाखवताना साबेला चिडायची. देल्मिरो फोन कानाला लावून ऐकायचा आणि शेवटी दर वेळी एकच विचारायचा, "म्हणजे कुणी म्हणालं नाही ना, आम्ही केलं म्हणून?"

मार्चमध्ये तो लुगोला एका वकीलबाईकडे गेला. बाई तरुण होती, समजूतदार होती. तिने सगळं ऐकलं, मधे एकदा डोळेही पुसले. मग तिने विचारलं, "नुकसान किती झालं, सांगता येईल?"

"चर्च रिकामं होतं."

"हो, पण आकड्यात."

देल्मिरोने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.  बाईला आपल्या प्रश्नाची लाज वाटली असावी, कारण तिने लगेच दुसरी वाट सुचवली. चार माणसं आणा, ती म्हणाली, ज्यांनी त्या दिवशी पान उघडायचा प्रयत्न केला आणि ते उघडलं नाही. कुठे बसलो होतो, कुणाच्या लाइनवर, हे त्यांनी सही करून सांगायचं. तेवढ्यावर कंपनीला निदान कबूल तरी करायला लावता येईल.

हे सोपं होतं. देल्मिरो खूश होऊन परतला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो रविवारी मिस्सेनंतर बाल्बिनोच्या बारमध्ये गेला, वर्मूत वाइनचा ग्लास मागवला आणि काउंटरला पाठ लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. त्या शनिवारी रात्री लेआन्द्रोचं पान कुणीकुणी उघडून पाहिलं होतं? सह्या हव्यात.

 एरवी बैलाच्या शिंगावरून तासभर वाद घालणारी माणसं आपापल्या ग्लासात बघू लागली. बाल्बिनो पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसत होता. शेनारो उठला, देल्मिरोचा दंड धरला आणि चल, तुला घरापर्यंत सोडतो, म्हणाला.

ओढ्याच्या पुलावर आल्यावर त्याने सांगितलं. त्या शनिवारी रात्री खोऱ्यातली झाडून सगळी माणसं बारमध्ये होती. मोठा सामना होता. बारमध्ये सामना दाखवायचा तर वर्षाला जेवढं भरावं लागतं तेवढं बाल्बिनोच्या गल्ल्यात वर्षभरात पडतही नाही. म्हणून त्याने टीव्हीमागे एक डबी लावली आहे, चोरीची. दोन वर्षं झाली. सगळ्यांना ठाऊक आहे, अळीमिळी गुपचिळी.

"मध्यंतरात मी पान उघडलं," शेनारो म्हणाला. "बाकीच्यांनीही. बाल्बिनोच्याच वायफायवर. पांढरं आलं. आम्ही फोन खिशात टाकले आणि सामना बघितला."

"आणि डबी?"

शेनारो पाण्याकडे बघत राहिला.

"डबी चालू होती ना, शेनारो?"

"एकदाही अडकली नाही," तो म्हणाला.

देल्मिरो पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिला. ज्या चोरीसाठी ते कुलूप लागलं, ती चोरी भिंतीएवढ्या पडद्यावर सुखाने चालली होती आणि ओब्दुलियाला जे खांदा देणार होते तेच समोर बसून टाळ्या वाजवत होते. तिचं नाव मात्र त्यांच्या खिशात बंद होतं.

शेनारो भडाभडा बोलत होता. कुठे बसलो होतो, असं लिहून दिलं की दुसऱ्या दिवशी तपासनीस दारात. बाल्बिनोला जो दंड होईल त्यात बार जाईल. हा खोऱ्यातला शेवटचा बार. पाववाली पाव तिथेच ठेवते, लुगोहून औषधं तिथेच येतात. "माग हवं ते," तो म्हणाला, "पण हे मागू नकोस. मी सही करेन, तू म्हणालास तर करेन. पण म्हणू नकोस."

देल्मिरो काही म्हणाला नाही. घरी येऊन त्याने साबेलाला सांगितलं तेव्हा ती फोनवर ओरडलीच. दे नाव बाल्बिनोचं, ती म्हणाली, बंद पडू दे तो बार, आईपेक्षा बार मोठा आहे का? तो दोन दिवस तसाच बसला. ज्यांच्याविरुद्ध भांडायचं त्यांना तो चोर पकडून देणार होता, आणि मोबदल्यात त्याला मिळणार होतं एक वाक्य, तेही मिळेलच असं नाही. ओब्दुलियाने काय केलं असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिने बाल्बिनोला बारमध्ये जाऊन सगळ्यांदेखत शिव्या घातल्या असत्या, आणि तपासनीस आला असता तर ती डबी स्वतःच्या कोटाखाली घालून नेली असती. त्याला शिव्या घालणंही जमलं नाही. त्याने वकीलबाईला फोन करून कळवलं की साक्षीदार मिळत नाहीत. ती म्हणाली, वाईट झालं. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

असं ते प्रकरण मिटलं. वरच्यांनी हात वर केले होते आणि खालच्यांनी हात बांधून घेतले होते. मध्ये देल्मिरो उरला.

ती गेल्याला वर्ष झाल्यावर करायची मिस्सा जवळ आली. तिलाही लोक येतात, मयताइतके नाहीत, पण येतात. लेआन्द्रोने सूचना पानावर टाकतो म्हणून सांगितलं. आता त्याने कागदही छापायला सुरुवात केली होती. देल्मिरो म्हणाला, टाक, लाव, पण मी जाऊन येतो. आणि ज्या माणसाने जन्मभर कुणाच्या दाराची कडी वाजवली नव्हती, त्याने बायकोच्या मिस्सेला या म्हणून सांगत खोऱ्यातलं एकेक घर घेतलं. लोक त्याला उंबऱ्यात बघून गांगरायचे. तोही गांगरायचा. मग कुणीतरी कॉफी पुढे करायचं, त्यात थोडी दारू घालायचं, आणि बोलणं ओब्दुलियावर यायचं.

एका घरी त्याला कळलं की तिथली म्हातारी सासू गेली तेव्हा तिला अंघोळ ओब्दुलियाने घातली होती, कारण घरातल्या सुनेचा हात थरथरत होता. दुसऱ्या घरी एक विधवा म्हणाली की ओब्दुलिया शेवटच्या दिवशी माझ्या नवऱ्याजवळ बसली होती, आणि तिने येऊन सांगितलं की त्याने तुझं नाव घेतलं. "खोटं होतं ते," ती म्हणाली. "तो आठवडाभर बेशुद्ध होता. पण मी त्या खोट्यावर दहा वर्षं काढली." बांध कोरणाऱ्याच्या मुलाने तर देल्मिरोला आत बसवलं आणि हॅमचं शेवटचं चांगलं टोक कापून दिलं. यातलं काहीही ती टेबलाशी बसून सांगायची नाही. ती बुटांचं सांगायची, सुनांचं सांगायची. तू काय केलंस, असं देल्मिरोने कधी विचारलंच नव्हतं, आणि आता घरोघर फिरून त्याला तेच गोळा करावं लागत होतं. त्या आठवड्यात तो खूप रडला, वाटेवर, कुणी नसताना.

मिस्सेच्या दिवशी चर्च भरलं. साबेला आली होती. मागे माणसं उभी होती, दाराबाहेरही होती. बाल्बिनोने बार बंद ठेवला होता आणि तो मागच्या खांबाशी टोपी हातात घेऊन उभा होता. आशीर्वाद द्यायच्या आधी फादरनी देल्मिरोकडे बघितलं, कारण त्याने त्यांना विचारून ठेवलं होतं. तो पुढे गेला. 

"गेल्या वर्षी तुम्हाला कळलं नाही," तो म्हणाला. "मुलीने विचारलं होतं, फोन करू का. मी नको म्हणालो. मला वाटलं तुम्ही मुद्दाम येत नाही आहात. मी तिथे बसून तुमच्यावर रागावलो, पण उठून फोन केला नाही. कळवायचं काम माझं होतं. चूक माझी आहे. तुमची नाही."

त्याने बाकांवरून नजर फिरवली. तो जरा जास्तच वेळ उभा राहिला, कुणीतरी उठेल म्हणून थांबल्यासारखा. कुणी उठलं नाही. मागच्या खांबाशी बाल्बिनो टोपीची कड चाचपत होता. फादरनी आशीर्वाद दिला.

बाहेर रांग लागली. एकेक जण येऊन हात दाबायचा, तुझ्या दुःखात आम्ही सोबत आहोत, म्हणायचा आणि पुढे सरकायचा, जसं गेल्या वर्षी व्हायला हवं होतं. बाल्बिनोनेही हात दाबला आणि काही न बोलता गेला. शेनारो मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी राहिला होता.

"खोटं बोललास तू," तो हळूच म्हणाला. "पान त्यांनी बंद केलं. आणि आम्ही... तुला ठाऊक आहे आम्ही कुठे होतो."

"ठाऊक आहे."

"मग कशाला बोललास?"

"वर्षभर विचारत फिरलो, शेनारो. एकही जण म्हणाला नाही, चूक झाली म्हणून." देल्मिरोने कोटाची बटणं लावली. "तिच्यासाठी कुणीतरी म्हणायला हवं होतं."

 मग दोघं कोनाड्यांच्या भिंतीकडे चालत गेले. ओब्दुलियाच्या कोनाड्यासमोर शेनारो टोपी काढून उभा राहिला. त्याचा उजवा खांदा थोडा पुढे झुकला होता आणि त्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.